संगीत संशयकल्लोळ हौशी संचात बसवताना

संशयकल्लोळ या संगीत नाटकात खलनायक नाही. फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका, आश्विनशेठ आणि त्याची प्रेयसी रेवती यांतला प्रत्येक जण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून अनुमान काढतो, आणि जेवढं दिसलं तेवढ्यापुरतं ते अनुमान बरोबरच असतं. घोटाळा होतो तो अर्धवट दिसल्यामुळे. म्हणून हे नाटक बसवणाऱ्या दिग्दर्शकाने पहिल्या वाचनापासून एकच प्रश्न धरून ठेवावा: या क्षणी कोण, कुठून, किती बघतंय? प्रेक्षकाला सगळं दिसलं पाहिजे आणि पात्राला अर्धंच. हा हिशेब चुकला की चार चांगली माणसं विनाकारण भांडताना दिसतात आणि हशा येत नाही. मग दोष नटांना दिला जातो, पण तो बहुतेक वेळा हालचालींच्या आराखड्यात असतो.

गोविंद बल्लाळ देवलांनी हा विषय आधी 'फाल्गुनराव' या गद्य नाटकात हाताळला होता. पदांसह ते १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व रेवती झाले आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. मुळातली कल्पना आर्थर मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी सुखात्मिकेतली, आणि तिच्याही मागे मोलियेरचं १६६० सालचं प्रहसन आहे. रस्त्यात आलेली मूर्च्छा, हातातून पडलेली तसबीर, ती उचलणारी बायको आणि तिच्यामागून डोकावणारा नवरा ही यंत्रणा साडेतीनशे वर्षं चालत आलेली आहे. संहितेत काय हवं ते कापा, या यंत्रणेच्या खिळ्यांना हात लावू नका.

कागदपत्रं आधी

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षांनी हक्क संपतात. देवल १९१६ सालीच गेले, त्यामुळे मूळ संहिता खुली आहे. मात्र अलीकडच्या काळात कुणी संकलित केलेली रंगावृत्ती (प्रयोगासाठी कापून बेतलेली संहिता), नव्याने बांधलेल्या चाली किंवा एखाद्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणाचा वापर यांचे हक्क वेगळे असतात. दुसऱ्या संस्थेची रंगावृत्ती हातात असेल तर लेखी परवानगी घ्या. नाहीतर जुनी छापील प्रत मिळवून आपली रंगावृत्ती आपणच करा. ते जास्त चांगलं, कारण संकलन करताना नाटक जितकं कळतं तितकं नुसत्या वाचनाने कळत नाही.

महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नाट्यगृहाची तारीख घेण्याआधी तुमच्या संहितेबाबत काय सादर करावं लागेल ते विचारून घ्या आणि अर्ज लवकर करा. शेवटच्या आठवड्यात संस्थेचा कार्यवाह कागदांमागे धावत असला की तालमीला येणारी माणसंही विस्कळीत होतात.

संकलन

आजच्या प्रयोगासाठी एका मध्यंतरासह पावणेतीन तास ही वरची मर्यादा धरा. त्यात गद्य सुमारे ११० मिनिटं, पदं ४० मिनिटं, मध्यंतर १५ मिनिटं. संहिता बसून मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. रंगमंचावर हालचाली आणि हशा धरून तीच संहिता साधारण १५ ते २० टक्के लांबते, म्हणून गद्याचं वाचन ९० ते ९५ मिनिटांत बसलं पाहिजे.

कात्री लावण्याआधी एक तक्ता करा. आडव्या ओळीत प्रवेश, उभ्या रकान्यात पात्रं, आणि प्रत्येक चौकटीत 'हा प्रवेश संपताना याला काय माहीत आहे, काय चुकीचं वाटतंय' एवढंच. या तक्त्यात बदल घडवणारं वाक्य कधीही कापायचं नाही, ते कितीही रुक्ष असो. कापायचं ते संशयाचं पुनःकथन: एखादं पात्र आधी दिसलेली गोष्ट दुसऱ्याला सविस्तर सांगतं ते भाग. जुन्या काळी उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाला त्यांचा उपयोग होता. आता दोन वाक्यं पुरतात.

भाषेला शक्यतो हात लावू नका. एखादा शब्द आज अजिबात कळत नसेल आणि त्याच शब्दावर हशा उभा असेल तरच बदला. नावं तर मुळीच बदलू नका. पुरुष महिन्यांचे आणि स्त्रिया नक्षत्रांच्या, ही देवलांची गंमत प्रेक्षकाला अजूनही आवडते. कार्यक्रमपत्रिकेत पात्रांची यादी त्याच क्रमाने छापली की ती आपोआप लक्षात येते.

माणसं निवडताना

फाल्गुनरावासाठी विनोदी नट शोधत बसू नका. खरोखर दुखावला जाऊ शकणारा नट शोधा. त्याचा संशय त्याला स्वतःला शंभर टक्के गंभीर वाटला पाहिजे. निवडीच्या वेळी त्याला एक काम द्या: बायको पाठमोरी उभी आहे, तिच्या हातात काहीतरी आहे, तिला न कळू देता ते काय आहे ते पाहायचं. शब्द नाहीत, वेळ एक मिनिट. जो डोळे मोठे करतो आणि पाय आपटतो त्याला दुसरी भूमिका द्या. ज्याचा श्वास अडकलेला दिसतो तो तुमचा फाल्गुनराव.

कृत्तिका कर्कश केली की पहिल्या पंधरा मिनिटांत प्रेक्षक फाल्गुनरावाच्या बाजूला जातो, आणि जोडप्याची बरोबरीची कुस्ती संपते. तिचा संशय नवऱ्याइतकाच भक्कम पुराव्यावर उभा आहे. तिचा आवाज खालच्या पट्टीत ठेवा. भादव्या या नोकराच्या भूमिकेला वेळेची उत्तम जाण असलेला नट द्या, पण त्याला स्वतःची वाक्यं घालायची मुभा देऊ नका. एकदा सूट मिळाली की तिसऱ्या प्रयोगाला ही भूमिका दहा मिनिटांनी लांबलेली असते.

रेवती आणि आश्विनशेठ गाणारेच हवेत. गाता गळा आणि अभिनय यांत निवड करायची वेळ आली तर सुरात पक्की, ताल न सोडणारी आणि वाक्य सरळ बोलणारी मुलगी घ्या. दहा आठवड्यांत अभिनयाची समज वाढवता येते, सूर बसवता येत नाही. रेवती ही नायकिणीची मुलगी आहे आणि तिला मनापासून लग्नाचा संसार हवा आहे. तिला नखरेल करून टाळ्या मिळतात, पण मग आश्विनशेठचा संशय रास्त वाटायला लागतो आणि नाटकाचा तोलच जातो.

पदं

दहा ते बारा पदं ठेवा, प्रत्येक तीन ते चार मिनिटांचं. ज्या पदाने पात्राची मनःस्थिती बदलते ते ठेवायचं. नुसतं वर्णन करणारं, आधीचीच भावना पुन्हा सांगणारं पद गाळायचं. 'मृगनयना रसिक मोहिनी'सारखं पद गाळलं तर प्रेक्षक नाराज होऊन जाईल, तेव्हा लोकप्रिय पदांना जागा आधी राखून मग बाकीचा हिशेब करा.

पट्टी, म्हणजे पेटीची कोणती पट्टी 'सा' धरून गायचं ते, पहिल्या आठवड्यात ठरवा आणि लिहून ठेवा. पुरुष गायक बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये सुखावतात, स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचमध्ये. दोघांच्या पदांत किंवा लागून येणाऱ्या पदांत अडचण येते. पुरुषाची पट्टी काळी एक असेल तर त्या पट्टीचा मध्यम (म) काळी तीन आहे. रेवतीला काळी तीनला उतरता येत असेल तर तिने त्याच्या मध्यमाला षड्ज (सा) मानून गावं, म्हणजे सुरांचा मेळ राहतो. तबलजीला प्रत्येक पट्टीसाठी वेगळा दाहिना (उजव्या हाताचा तबला) लागेल, आणि ते सगळे आधी मिळवून क्रमाने मांडलेले हवेत. प्रयोगात हातोडीचा आवाज प्रेक्षकाला ऐकू आला तर त्या प्रवेशाचा ताण गेलाच.

गद्यातून पदात जाताना सर्वांत जास्त प्रयोग बिघडतात. नट वाक्य संपवतो, थांबतो, घसा साफ करतो, ऑर्गन सुरू होतो, मग पद. या चार सेकंदांत पात्र मरतं आणि गायक उरतो. उपाय असा: वाक्यातल्या शेवटच्या तीन-चार शब्दांखाली ऑर्गनने हलकेच षड्ज धरायचा आणि नटाने शेवटच्या शब्दाचा श्वास न सोडता पद उचलायचं. हे प्रत्येक पदासाठी स्वतंत्रपणे वीस-वीस वेळा घोटावं लागतं. पद चालू असताना समोरचं पात्र काय करतंय तेही बसवा. फक्त मान डोलावत उभं राहू देऊ नका. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर नवा संशय उगवताना दिसला तर पदाचं वजन दुप्पट होतं.

'वन्स मोअर' आला तर काय करायचं ते आधीच ठरवा. आमचं मत असं की एका प्रयोगात एकाच पदाला, तेही फक्त शेवटचा अंतरा.

रंगमंच मोजून घ्या

नाट्यगृहात टेप घेऊन जा. दर्शनी रुंदी, खोली, विंगांतलं अंतर आणि पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवरून काय दिसतं ते लिहून घ्या. तालमीच्या खोलीत त्याच मापाची चौकट जमिनीवर रंगीत पट्ट्यांनी आखा. तालमीची जागा लहान असेल तर रुंदी पूर्ण ठेवा आणि पुढून मागपर्यंतचं माप कमी करा. या नाटकात बाजूबाजूचं अंतर महत्त्वाचं आहे.

फाल्गुनरावाचं घर प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, समोरच्या बाजूशी साधारण ४५ अंशांत तिरपं ठेवा. खिडकी किंवा सज्जा दोन फुटांच्या लेव्हलवर (उंचवट्यावर) घ्या, म्हणजे कृत्तिका रस्त्यावरच्या माणसांच्या डोक्यावरून दिसते. खिडकीपासून मूर्च्छेची जागा १० ते १२ फूट हवी. त्याहून जवळ असेल तर तिला सगळं ऐकू आलं असतं असं प्रेक्षकाला वाटतं, आणि फार लांब असेल तर खिडकी आणि रस्ता एका नजरेत मावत नाहीत. बाकी नेपथ्य हलकं ठेवा. प्रवेश पुष्कळ आहेत. दर बदलाला २० सेकंदांहून जास्त अंधार झाला तर सुखात्मिकेचा वेग हातातून जातो. दोन कायमची ठिकाणं आणि मध्ये एक मोकळा रस्ता एवढ्यावर नाटक व्यवस्थित होतं.

तसबिरीचा प्रवेश

या एका प्रवेशाला किमान सहा तालमी द्या.

आधी वस्तू. त्या काळच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छायाचित्राचं एक प्रचलित माप सव्वाचार बाय साडेसहा इंच होतं. हे माप उपरण्याखाली लपतं आणि मागच्या रांगेला दिसतंही. छायाचित्र तुमच्या आश्विनशेठचंच हवं, प्रयोगातल्याच पगडी-कोटात काढलेलं. त्यासाठी वेशभूषा पाचव्या आठवड्यापर्यंत तयार झाली पाहिजे. छपाई चमकदार नको, आणि चौकट घातली तर काच काढून टाका. काचेवरून दिवा थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. कडेला सोनेरी पट्टी लावा, म्हणजे तसबीर या हातातून त्या हातात जाताना नजरेतून सुटत नाही. एकसारख्या तीन प्रती करा: एक प्रयोगाची, एक विंगेत राखीव, एक तालमीची.

आता क्रम. रेवतीला चक्कर येते. तिने धाडकन पडायचं नाही. आधी गुडघे सैल, मग कमरेतून बाजूला कलणं, आणि त्याच वेळी फाल्गुनरावाने मागून दोन्ही काखांखाली आधार द्यायचा. वजन त्याच्या मांड्यांवर यावं, पाठीवर नाही. पहिल्या चार तालमी गादीवर करा. मूर्च्छेच्या सुरुवातीलाच तसबीर हातातून सुटते. ती पडायची जागा जमिनीवर छोट्या खुणेने नक्की करा, घराच्या बाजूला आणि दोघांच्या पायांपासून निदान तीन फूट दूर. लाकडी पाठ असेल तर पडल्याचा आवाज येतो आणि प्रेक्षकाचं लक्ष तिकडे जातं. तो आवाज हवाच.

कृत्तिका खिडकीत येते ती फाल्गुनरावाने रेवतीला सावरल्यानंतर दोन सेकंदांनी. आधी आली तर तिला चक्कर दिसेल आणि संशयाला आधारच राहणार नाही. रेवती डोळे उघडण्यापूर्वी तिने खिडकीतून नाहीसं व्हायचं. म्हणजे तिने पाहिलं ते एवढंच: आपला नवरा, भर रस्त्यात, परक्या बाईला धरून. फाल्गुनरावाची पाठ खिडकीकडे हवी आणि रेवतीचा चेहरा प्रेक्षकांकडे, डोळे मिटलेले. या तिघांच्या जागा एका रेषेत आल्या की कुणीतरी झाकलं जातं, म्हणून त्रिकोण मोडू देऊ नका.

पुढे कृत्तिका खाली येऊन तसबीर उचलते. तिने ती छातीच्या उंचीवर, किंचित बाहेरच्या बाजूला कलवून धरायची. नट बहुतेक वेळा तोंडासमोर धरतात, त्यामुळे चेहरा आणि तसबीर दोन्ही जातात. फाल्गुनराव मागून येतो. त्याने आधी बायकोचा चेहरा पाहायचा, मग तसबीर, मग पुन्हा बायकोचा चेहरा. प्रत्येक नजरेला मनात एक-दोन मोजायचं. तिसऱ्या नजरेला हशा येतो. नटाने घाई करून दुसऱ्याच नजरेला बोलायला सुरुवात केली तर तो हशा गेला, आणि पुढचं भांडण केवळ मोठा आवाज उरतं.

प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याकडे 'तसबिरीचा प्रवास' असा स्वतंत्र कागद असावा: प्रवेश सुरू होताना ती कुणाकडे, संपताना कुणाकडे, कोणत्या विंगेतून आत गेली, पुढच्या प्रवेशासाठी कुठे पोचवायची. उजव्या विंगेत अडकलेली तसबीर डाव्या विंगेत हवी असते तेव्हा धावायला रस्ता नसतो.

स्वगत आणि हशा

स्वगत हा या नाटकाचा कणा आहे, आणि आजच्या नटांना त्याचीच सवय नाही. ते वर शून्यात बघून बोलू नका. थेट प्रेक्षकांशी, विश्वासात घेऊन, संवादापेक्षा थोड्या जलद गतीने बोला. मान पूर्ण वळवायची नाही. खांदे समोरच्या पात्राकडे राहू द्या, चेहरा तेवढा बाहेर. स्वगत चालू असताना दुसऱ्या पात्राला स्वतःचं ठोस काम द्या: उपरणं झटकणं, चिठ्ठी वाचणं, दार लावणं. ते काम स्वगत संपताच संपलं पाहिजे. हे न केल्याने दुसरा नट गोठून उभा राहतो आणि 'याला ऐकू कसं येत नाही' असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो.

हशा चढतो, कळसाला जातो, ओसरायला लागतो. एक तृतीयांश उरला असताना पुढचं वाक्य टाका. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर गाडी पुन्हा सुरू करावी लागते, आणि कळसावर बोललात तर पुढच्या हशाची तयारी ऐकूच जात नाही. थांबताना पुतळा होऊ नका, विचार चालू ठेवा. तालमीत हशा नसतो, म्हणून आठव्या आठवड्यात नाटक न पाहिलेले दहा-बारा लोक बोलवा. कुठे हसले त्यापेक्षा कुठे गोंधळले ते लिहून घ्या.

वेळापत्रक

आठवड्याला पाच रात्री, अडीच-अडीच तास, दहा आठवडे. पहिला आठवडा वाचन, तक्ता आणि पट्ट्या. दुसरा-तिसरा हालचाली. चौथ्याच्या शेवटी संहिता हातातून खाली, सबब चालणार नाही. पाच ते सात प्रवेशवार तालमी, आणि शनिवारी ऑर्गन-तबल्यासह फक्त पदं. आठव्या-नवव्यात सलग, दररोज घड्याळ लावून. दहाव्यात प्रकाश, नेपथ्य आणि दोन रंगीत तालमी. प्रवेशवार तालमीचं पत्रक असं करा की ज्याला त्या दिवशी काम नाही तो घरी राहील. नोकरी करून येणारी माणसं रिकामी बसवली की सहाव्या आठवड्यात गैरहजेरी सुरू होते.

कपडे, आवाज, प्रकाश

नऊवारी साधारण सव्वाआठ मीटरची. नेसवायला सरावलेल्या हातांनाही दहा मिनिटं लागतात. जिला कपडे बदलायचे आहेत तिला शिवलेली नऊवारी द्या. पगडीच्या आत फोमची पट्टी लावा, झटापटीत ती घरंगळते. पगडीची सावली डोळ्यांवर पडते, आणि या नाटकात डोळे दिसले नाहीत तर काहीच दिसलं नाही. म्हणून समोरचे दिवे नेहमीपेक्षा थोडे खालून, ३५ अंशांच्या आसपास घ्या. प्रकाश उबदार आणि भरपूर ठेवा. सुखात्मिकेत अंधुक कोपरे करू नका.

रंगमंचाच्या कडेला तीन माइक, आठ-दहा फुटांवर, खाली फोमची गादी देऊन. गाणाऱ्यांना अंगावरचा माइक लावायचा तर तो केसांच्या किंवा पगडीच्या कडेला लावा. छातीवर दागिने आणि अंगरखा घासतात. साथीदारांना गायकाचा चेहरा दिसलाच पाहिजे. विंगेत बसवले असतील तर कोणत्या विंगेत ते पदांच्या जागा बघून ठरवा.

प्रयोगाचा दिवस

सत्राच्या वेळेतच नेपथ्य लावायचं आणि उतरवायचं असतं, म्हणून नेपथ्याच्या प्रत्येक फ्लॅटवर (उभ्या चौकटीवर) क्रमांक टाका आणि लावण्याची तालीम एकदा तरी घड्याळावर करा. कलाकार तीन तास आधी, पहिली रंगभूषा स्त्री पात्रांची. दिवे लागल्यावर मूर्च्छा, तसबीर आणि सगळे प्रवेश-निर्गम एकदा करून घ्या. बाकी नाटक करू नका, गळे दमतात. पहिल्या घंटेआधी तिन्ही तसबिरी मोजा. नांदीला सगळे हजर, अगदी चौथ्या प्रवेशात येणारेही.

प्रत्येक प्रयोगाची वेळ अंकवार लिहून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला पाच मिनिटांहून अधिक वाढ दिसली तर कुणीतरी हशा ताणतंय किंवा वाक्यं घालतंय असं समजा, आणि पुढच्या प्रयोगाआधी तेवढ्याच प्रवेशांची एक तालीम लावा.